अपघातांचे आकडे : तुलना कशी करावी?

परदेशांशी आपली तुलना करण्याची हौस आपणांस फार. कधी ती स्वदेशाची निंदा करण्याकरिता होते, तर कधी आपलीच पाठ थोपटून घेण्याकरिता. रस्त्यांवरील अपघातांच्या आकड्यांचा या दोन्ही कामी सर्रास उपयोग होतो. म्हणून असे आकडे वाचावे कसे, याचा थोडा विचार विद्यार्थ्यांपुढे मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

सरकारी अहवालाप्रमाणे सन २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ अपघात घडले व त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्याच वर्षी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे ४२,५०० माणसे अशीच मृत्यू पावली. तेव्हा आपण चौपट वाईट, असे म्हणून कोणी मोकळा होईल. परंतु लोकसंख्येने भागून पाहता दोन्ही देशांत दर लाख माणसांमागे बारा-तेरा मृत्यू पडतात. मग आपण अमेरिकेच्या बरोबरीचे ठरलो काय? तेही नव्हे. गाड्यांच्या संख्येने भागले की आपली बाजू पुन्हा लंगडी पडते. स्मीड नामक इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९४९ सालीच निरनिराळ्या देशांचे आकडे तपासून दाखविले होते की, देशात गाड्या वाढतात तसतसे दर गाडीमागील मृत्यूंचे प्रमाण उतरत जाते. भाज्य तोच ठेवून भाजक बदलला की भागाकार बदलतो, हे अंकगणित प्रथम ध्यानी धरावे.

दुसरी गोष्ट मोजणीची. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू आल्यास तो अपघाती धरावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. जपानी पोलिसांचा नेहमी प्रसिद्ध होणारा आकडा मात्र चोवीस तासांत दगावलेल्यांचा असतो. २०२२ साली तो २,६१० होता; तीस दिवस धरले असता तोच तीन हजारांवर जातो. आपल्या राज्याराज्यांतही हीच अडचण आहे. त्याच वर्षी तामिळनाडूत ६४,१०५ अपघात नोंदले गेले व १७,८८४ मृत्यू झाले. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघातांत १५,२२४. म्हणजे दर शंभर अपघातांमागे तेथे अठ्ठावीस मृत्यू, तर येथे पंचेचाळिसांहून अधिक. तेथील रस्ते दुप्पट धोक्याचे म्हणावे, की किरकोळ अपघातही तेथे अधिक काळजीने लिहून ठेवतात असे म्हणावे? मला दुसरा तर्क अधिक संभवनीय वाटतो.

तर मग तुलना व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. मात्र क्रमांक लावण्यापेक्षा उपाय शोधण्याकडे तिचा रोख असावा. स्वीडनमध्ये २०२२ साली २२७ माणसे अपघातांत गेली. म्हणजे लाखामागे दोनच्या आसपास. त्या देशाच्या पार्लमेंटाने १९९७ साली असे तत्त्व मान्य केले की, माणूस चुकणारच. परंतु त्या चुकीचा दंड मरणाचा असू नये, अशी रस्त्याची रचना असली पाहिजे. त्यानुसार समोरासमोरच्या वाहतुकीमध्ये तारांचे कठडे आले आणि वस्तीतून जाताना वेगास आळा बसला.

आता आपल्या दिघ्याकडे वळू. भारतातील २०२२ च्या मृतांपैकी शेकडा सुमारे ४४ दुचाकीवरील होते व जवळजवळ २० पायी चालणारे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांच्या मालमोटारींच्या शेजारून जाणारे आपले लोक बहुतांशी याच दोन वर्गांतील होत. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव हे रेल्वेस्थानक सुरू झाले, तेव्हापासून स्थानकाकडे पायी जाणाऱ्यांचीही त्यांत भर पडली आहे. अशा ठिकाणी पादचाऱ्याच्या बेफिकिरीला बोल लावून थांबणे सोपे. पण त्याला रस्ता ओलांडण्यास सुरक्षित जागा किती अंतरावर आहे, हे आधी पाहावयास नको काय?

म्हणून माझे मत असे की, दिघ्याची तुलना प्रथम दिघ्याशीच व्हावी. कोणत्या नाक्यावर, कोणत्या वेळी, किती माणसे जखमी झाली, याचा नाकेवार तक्ता दरवर्षी प्रसिद्ध व्हावा आणि मागील वर्षाच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीही शाळेच्या आवारात सुरक्षित उभे राहून, तासाभरात किती माणसे रस्ता ओलांडतात व त्यांना किती वेळ खोळंबावे लागते, याची नोंद करावी. त्रैराशिकाचा याहून उपयुक्त धडा कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. आणि अशी वही हाती असली, म्हणजे पुलाची किंवा सिग्नलाची मागणी करणाऱ्या अर्जास वजन येईल.