अकरावी-बारावीचे जीवशास्त्र व रसायनशास्त्र : साध्य कोणते?

नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही दरवर्षी महाविद्यालयाच्या परसात नेतो व दोन वृक्षांसमोर उभे करतो. एक सीतेचा अशोक. दुसरा रस्त्यांच्या कडेने सर्रास लावला जाणारा, सरळसोट वाढणारा खोटा अशोक. यांतील अशोक कोणता, असे विचारताच बहुतेकांचे बोट दुसऱ्याकडे जाते. संयुक्त पर्णाची व्याख्या मात्र सर्वांस मुखोद्गत असते! सीतेच्या अशोकाचे पान संयुक्त, खोट्या अशोकाचे साधे व नागमोडी कडांचे. एवढ्यावरून निर्णय व्हावा. परंतु व्याख्येपासून झाडापर्यंतची चार पावले त्यांच्याकडून कोणी चालवून घेतलेली नसतात.

ही मुले बुद्धीने उणी नाहीत. नीटच्या ७२० गुणांपैकी ५४० गुण जीवशास्त्र व रसायनशास्त्राचे असतात, आणि त्यांच्याच बळावर ती आयुर्वेदाकडे येतात. दोष आहे तो या विषयांसमोर ठेवलेल्या साध्याचा. चार पर्यायांतून अचूक उत्तर निवडणे हेच साध्य ठरल्यावर प्रात्यक्षिकाची वही एकमेकांची पाहून लिहिली जाणारच.

याची किंमत अखेर रुग्ण मोजतो. अशोकत्वक् म्हणून खोट्या अशोकाची साल बाजारात येते, हे व्यवसायबंधूंस सांगावयास नको. साल सोलून वाळली की पानाचा आधार राहत नाही. तेथे सूक्ष्मदर्शक हवा, आणि तो हाताळण्याची सवयही. जो पान पाहण्यास शिकला नाही, तो सालीचा छेद काय पाहणार? रक्तप्रदराच्या रुग्णेस आपण नेमके काय दिले, हे त्यास कधीच कळणार नाही.

रसायनशास्त्राचीही तीच कथा. भस्माची वारितर परीक्षा आपण सर्व करतो. लोहभस्म पाण्याहून कितीतरी जड. मग ते तरंगते कसे? सूक्ष्म कण पाण्याच्या पृष्ठताणावर तोलले जातात म्हणून. पाण्यात साबणाचा थेंब टाकावा, पृष्ठताण घटतो व तेच कण बुडू लागतात. यामुळे प्राचीन परीक्षा खोटी ठरत नाही, उलट ती सूक्ष्मतेची परीक्षा आहे हे स्पष्ट होते. शाळेत भस्माची गरजही नाही. बारीक पूड कोणतीही चालेल. (पाऱ्याचे प्रयोग मात्र शाळेत नकोतच.) हळदीत चुन्याची निवळी घातली की ती लाल का होते, राखेचे पाणी गाळून आटविल्यावर तळाशी काय उरते, हे ज्याने स्वहस्ते पाहिले त्यास क्षारकल्पना निराळी शिकवावी लागत नाही.

मापनाचे तर विचारूच नये. वनौषधींत शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे. रोज तीन ग्रॅम चूर्ण घेणाऱ्याच्या पोटात या मर्यादेतही ३० मायक्रोग्रॅम शिसे जाऊ शकते, हा हिशेब दहावीच्या गणिताचा आहे. मोलची उदाहरणे झरझर सोडविणारा विद्यार्थी येथे अडतो, कारण आकडा आणि पुडी यांची त्याने कधी सांगड घातलेली नसते.

शालेय अभ्यासक्रमात वात-पित्त-कफ घाला, अशी मागणी आपल्यापैकी काही जण करतात. आम्हांस ती मान्य नाही. आणखी चार व्याख्या पाठ होतील, इतकेच. त्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याने एका वनस्पतीचे वर्षभर, पालवीपासून बीजापर्यंत, निरीक्षण करून नोंद ठेवावी. एक पदार्थ स्वतः तोलावा, विरघळवावा, गाळावा. आणि निष्कर्ष चुकला तर का चुकला ते लिहावे. उपयोजित म्हणविणाऱ्या अभ्यासक्रमाचे हे साध्य असावे आणि गुणही त्यासच असावेत.

वर्गात ऐंशी मुले व प्रयोगशाळेत दोन सूक्ष्मदर्शक, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. तेथे आपण काही करू शकतो. कित्येक वैद्यांच्या अंगणात अडुळसा, गुळवेल, निर्गुडी आहे. काहींची स्वतःची औषधनिर्माणशाळा आहे. येत्या पावसाळ्यात जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकांस भेटून एक दिवस ती मुलांसाठी खुली करावी. आमच्या परसातील दोन्ही अशोक त्यांची वाट पाहत आहेत.