कार्यालय पाहावे चढून

मराठीतला 'स्थळ' हा शब्द मोठा सोयीचा आहे. मुलीसाठी मुलगा शोधायचा तर आपण 'स्थळ' पाहतो. आणि तो मिळून लग्न ठरले, की ते जिथे लागायचे त्या जागेलाही पत्रिकेत 'स्थळ'च म्हणतो. पहिले स्थळ पाहताना आपण काय काय विचारीत नाही! पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, धाकट्या बहिणी किती, चष्म्याचा नंबर किती. दुसरे स्थळ मात्र अर्ध्या तासात, उभ्याउभ्या, छताच्या झुंबराकडे पाहत ठरवून मोकळे होतो. निदान मी तरी झालो. आता तुळशीची लग्ने लागतील आणि वाचकांपैकी कितीतरी काका-मामांना याच कामगिरीवर निघावे लागेल. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून माझी फजिती सांगतो.

2024 च्या दिवाळीत माझ्या भाचीचे लग्न ठरले. मुलगा इचलकरंजीचा. माणसे सरळ, मागणे काही नाही; लग्न माघात, म्हणजे पुढल्या फेब्रुवारीत, पुण्यात व्हावे एवढेच. ताईचे यजमान 2021 साली गेले. तेव्हापासून तिच्या घरातला कर्ता पुरुष म्हणजे मी. आणि मी कॉलेजात मराठी शिकवतो, यावरून त्या घराची कल्पना यावी! ताईने मेहुण्यांच्या फंडातून लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले पंचवीस हजार माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "कार्यालय तू बघ. तू बघशील ते चांगलंच असेल." असा विश्वास कोणी टाकला, की माणसाने खरे म्हणजे सावध व्हावे.

मी उशिरा निघालो होतो. त्या वर्षी वैशाख-ज्येष्ठात गुरू आणि शुक्र दोघेही अस्ताला गेले होते, त्यामुळे उन्हाळ्यात मुहूर्तच नव्हते. तुंबलेली लग्ने सगळी हिवाळ्यात येऊन पडली होती. जिथे जावे तिथे वहीचे पान उलटून उत्तर मिळे, "मे महिन्यात यायला हवं होतं, सर."

सिंहगड रस्त्याला एक लॉन पाहिले. भाचीला ते फार आवडले. मावळतीला फोटो सुंदर येतात म्हणे. भाडे ऐकल्यावर मला मात्र भर दुपारीच सूर्य मावळल्यासारखे झाले. मग सदाशिव पेठेत एक जुने कार्यालय पाहिले. दर बेताचा, स्वयंपाकाची कीर्ती मोठी. पण गल्ली अशी, की इचलकरंजीहून येणारी वऱ्हाडाची बस लांब हमरस्त्यावरच उभी राहणार आणि विहीणबाई बॅगा सांभाळीत चालत येणार. पूर्वी वरपक्ष गावाच्या वेशीवर आला की मुलीकडचे सामोरे जात आणि तिथेच त्यांची पूजा होई. 'सीमांतपूजन' शब्दातली सीमा ती. आमच्यावर ते पूजन बसच्या पायरीशी करायची पाळी आली असती. तेही नको म्हटले.

आणि मग कर्वे रस्त्याच्या बाजूला ते सापडले. गुळगुळीत फरशी, वातानुकूलित सभागृह, व्यासपीठावर नक्षीची कमान, वधूच्या खोलीत भिंतभर आरसा. शिवाय एका कुटुंबाने तारीख सोडली होती, ती नेमकी आमच्या मुहूर्ताची. व्यवस्थापक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कुणीतरी घेईल, सर." मी तिथल्या तिथे पंचवीस हजार मोजले, पावती घेतली आणि एखादे खंडकाव्य लिहून पुरे केल्यासारखा घरी आलो.

पावतीच्या मागे बारीक अक्षरांत काहीतरी छापले होते. विद्यार्थ्यांनी प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचाव्यात म्हणून मी गेली वीस वर्षे घसा कोरडा करीत आलो आहे. मी ते वाचले नाही.

दुसऱ्या रविवारी आईला जागा दाखवायला घेऊन गेलो. आई शहात्तर वर्षांची आहे आणि तिच्या गुडघ्यांनी तिच्याशी असहकार पुकारलेला आहे. रिक्षातून उतरून ती जिन्यापाशी आली आणि थांबली. तेव्हा कुठे तो जिना मला दिसला. आधी मी त्यावरून वरखाली गेलो होतो, पण तो पाहिला नव्हता. तळमजल्यावर मोटारी, पहिल्या मजल्यावर सभागृह, जेवणाच्या पंगती दुसऱ्यावर. सभागृहापर्यंत पायऱ्या अठ्ठावीस, वर जेवायला जायचे तर आणखी बावीस. लिफ्ट होती, ती स्वयंपाकाचे सामान वर न्यायची, आणि त्या दिवशी तीही बंद होती.

व्यवस्थापक अगदी आपुलकीने म्हणाले, "आजी, काही काळजी करू नका. खुर्चीत बसवून चार मुलं तुम्हाला अलगद वर नेतील. सगळेच तसं करतात."

आई खालच्या पायरीवर बसली. म्हणाली, "चौघांनी उचलून न्यायची वेळ यायचीच आहे बाबा. ती नातीच्या लग्नात कशाला?" आणि मग माझ्याकडे वळून, "जागा छानच असणार रे. तुम्ही वर लावा लग्न. मला अक्षता खाली आणून दे, मी इथूनच टाकीन."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, हेच वाईट होते. रुसली असती तर मी समजूत घातली असती.

एप्रिल 2021 मध्ये सरकारने लग्नाला पंचवीसच माणसे आणि दोनच तास असा नियम केला होता. त्या दिवसांत आमच्या चुलतभावाचे लग्न झाले. तेव्हा पंचवीस नावांची यादी करायला बसलो, तर पहिली आठ-दहा नावे कुणालाही आठवावी लागली नव्हती, आणि त्यांत सर्वांत वर आईचे नाव होते. यंदा आमची यादी चारशेंची झाली होती आणि त्या चारशेंना बसायला जागा पाहताना पहिलेच नाव मी खाली मोटारींत ठेवून आलो होतो.

दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन पुन्हा निघालो. ती रिक्षातच बसे; व्यवस्थापकाला बाहेर बोलावून प्रश्न विचारी. संडास सभागृहाच्या पातळीला आहे की दोन पायऱ्या खाली? कमोड किती? मुलाकडच्यांच्या खोल्यांना पाणी केव्हा येते? कोठीच्या खोलीला कुलूप तुमचे की आमचे? वीज गेली तर जनित्रावर पंखे चालतात की नुसते दिवे? आमच्या संध्याकाळी कुणाचे कार्य आहे? हा शेवटचा प्रश्न मला प्रथम भोचकपणाचा वाटला. पण दुसरे कार्य असले, की तीनच्या ठोक्याला खुर्च्या उचलायला माणसे येतात आणि मुलगी सासरी निघताना तिच्या अंगावरून टेबले जातात. हे तिने कुठे पाहिले होते कोण जाणे.

पाचव्या ठिकाणी आई रिक्षातून उतरली. गावाबाहेरच्या बाजूचे जुने बैठे कार्यालय. वर पत्रा, मधे चार खांब, पंखे असे की मंगलाष्टकांना तबल्याची साथ व्हावी. पण दारात एकच पायरी, बस थेट अंगणात, कोठी स्वयंपाकघराला लागून. भाचीने ते पाहिले आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून खांबांना झेंडूच्या माळा किती लागतील ते विचारले.

लग्न नीट पार पडले. छायाचित्रकाराने खांबांना शिव्या दिल्या आणि जेवणात मठ्ठा कमी पडला. आईसाठी मी अगदी पुढे, अंतरपाटाच्या हाकेवर, गादीची खुर्ची मांडून ठेवली होती. ती दिवसभर रिकामी राहिली. आई पहाटेपासून कोठीत बसून होती, कमरेला किल्ली लावून. नारळ मोजून दे, पानसुपारीची तबके लाव, आचाऱ्याला तूप जपून दे, रुखवतातले लाडू मुलांपासून वाचव. मंगलाष्टके सुरू झाल्यावर ती तेवढी बाहेर आली, आपल्या पायांनी, भिंतीला हात लावत. पत्र्याखाली सगळ्यांत मागे उभी राहिली आणि अक्षता टाकून परत कोठीत गेली.

आता राहिले ते पंचवीस हजार. कोणत्याही कारणास्तव रक्कम परत मिळणार नाही, असे पावतीच्या मागे स्वच्छ मराठीत छापलेले होते. मी दोनदा जाऊन विनवून आलो. व्यवस्थापकांनी चहा दिला. ताईला मात्र मी सांगितले, की भले लोक होते, सगळे पैसे परत दिले. आणि तेवढे नवीन कार्यालयाच्या खात्यावर भरले. ती म्हणाली, "बघ, जगात चांगली माणसं असतात."

हा अंक ताईकडेही जातो. पण ती आधी पाककृतींचे पान काढते आणि मग राशिभविष्य. इथपर्यंत येईतो भाऊबीज उरकलेली असेल, असा माझा हिशेब आहे.