तारीख हलत नाही तेव्हा

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे झाला. त्या दिवसापासून तयारीसाठी उरली ती जेमतेम पाच वर्षे. दिल्लीला २०१० च्या स्पर्धांसाठी याहून अधिक, म्हणजे सुमारे सात वर्षांचा अवधी मिळाला होता. तरीही उद्घाटनाला दोन आठवडेसुद्धा उरले नसताना, २१ सप्टेंबर २०१० रोजी, जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळला आणि कामगार जखमी झाले. त्याच सुमारास क्रीडाग्रामातील अस्वच्छ खोल्यांबद्दल परदेशी पथके उघडपणे तक्रारी करीत होती. पुढे ३८ सुवर्णांसह १०१ पदके भारताने जिंकली. पण त्या स्पर्धांची आठवण निघाली की पदकांच्या आधी तो पूल आठवतो.

ती सात वर्षे गेली कुठे? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा ऑगस्ट २०११ मध्ये संसदेत सादर झालेला अहवाल या प्रश्नाचे जे उत्तर देतो, ते आजही वाचण्याजोगे आहे. आधी निर्णय अनाकलनीयरीत्या लांबवायचे, मग घड्याळाकडे बोट दाखवायचे आणि त्या कृत्रिम घाईच्या आधारे निविदांचे नेहमीचे नियम बाजूला ठेवायचे, अशी कार्यपद्धती या अहवालाने दाखवून दिली. आयोजनातील दोन कंत्राटांशी संबंधित मनी लाँडरिंगच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने दिलेला समाप्ती अहवाल दिल्लीतील न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारला. त्या प्रकरणात गुन्हा सिद्ध झाला नाही. विलंब मात्र कागदोपत्री नोंदलेला आहे. दिल्लीची कथा केवळ एक-दोन खलनायकांची म्हणून सांगत राहिलो, तर हा विलंब नजरेआड होतो आणि पुढच्या यजमानाला त्यातून काहीच शिकता येत नाही.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि आपले नेहमीचे सरकारी काम यांत मूलभूत फरक आहे. रस्ता सहा महिने उशिरा झाला तर लोक कुरकुरतात, इतकेच. सत्तरहून अधिक देश आणि प्रदेश ज्या दिवसाला बांधलेले असतात तो दिवस सहसा पुढे सरकत नाही. काळ थांबत नसल्यामुळे लांबवलेला प्रत्येक निर्णय दुसऱ्या रूपात वसूल होतो: कधी वाढीव दराने, कधी कच्च्या बांधकामाने, तर कधी चाचणी स्पर्धेविनाच उघडलेल्या क्रीडागाराने.

गोव्याला हा फरक कळायला वेळ लागला, कारण आपल्या वाट्याला आलेल्या तारखा हलू शकत होत्या. लुसोफोनिया स्पर्धा नोव्हेंबर २०१३ वरून जानेवारी २०१४ वर गेल्या. छत्तिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद आपल्याकडे होते. त्या वर्षानुवर्षे लांबत राहिल्या, मध्ये कोविड आला आणि अखेर २०२२ मध्ये त्या गुजरातने अवघ्या काही महिन्यांच्या तयारीत पार पाडल्या. आपल्या वाट्याला २०२३ च्या सदतिसाव्या स्पर्धा आल्या. त्या चांगल्या झाल्या, हेही नमूद केले पाहिजे. त्या आयोजनातला सर्वांत शहाणा निर्णय मात्र फारसा चर्चिला गेला नाही: ट्रॅक सायकलिंग आणि गोल्फ दिल्लीला हलवण्यात आले. पंधरवड्यापुरता वेलोड्रोम उभारून नंतर त्याची राखणदारी करीत बसण्याची पाळी त्यामुळे राज्यावर आली नाही.

गुजरातच्या त्या वेगाचे कौतुक झाले, ते योग्यच. पण तयार क्रीडागारे हाताशी असताना वेग साधता येतो. तो नियोजनाला पर्याय ठरू शकत नाही. २०३० मध्ये १५ ते १७ क्रीडाप्रकार अपेक्षित आहेत. मोटेराचे विशाल स्टेडियम उभे आहे, नारणपुऱ्याचे क्रीडासंकुल २०२५ मध्ये सुरू झाले. कठीण भाग वेगळाच आहे: हजारो खेळाडूंचा निवास, त्यांना वेळेवर मैदानात पोहोचवणारी वाहतूक, उत्तेजक द्रव्य चाचणी, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण. यांतल्या कशाचीही कोनशिला बसवता येत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत याकडे राजकीय लक्ष जात नाही.

दुसरा धोका आकडेमोडीचा. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या स्पर्धा मेलबर्नऐवजी मुख्यत्वे बेंडिगो, बॅलॅरट, जिलाँग यांसारख्या प्रादेशिक शहरांत घेण्याचे ठरवले. त्यामागचा हेतू चांगला होता. पण २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज सहा-सात अब्जांवर गेल्याचे सांगत जुलै २०२३ मध्ये सरकारने माघार घेतली. तेथील महालेखापरीक्षकांनी नंतर हा वाढीव आकडाही फुगवलेला ठरवला, आणि एकही स्पर्धा न घेता करदात्यांचे ५८९ दशलक्ष डॉलर गेल्याचे नोंदवले. म्हणजे पहिला अंदाज कच्चा होता आणि शेवटचाही. त्या जागी पुढे आलेल्या ग्लासगोने उपलब्ध चार ठिकाणी केवळ दहा क्रीडाप्रकारांची आखणी केली. त्यात हॉकी, बॅडमिंटन, कुस्ती, नेमबाजी गळाल्याने भारताचे नुकसान झाले, तरी खिशाला झेपेल तेवढेच करण्याचा प्रामाणिकपणा त्यात आहे.

राज्याच्या आवाक्याचा विचार करताना गोव्यातलेच एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२५ चा बुद्धिबळ विश्वचषक हडफडे येथे झाला. २०६ खेळाडू जवळपास महिनाभर येथे खेळले. त्यासाठी नवे स्टेडियम लागले नाही, एका हॉटेल संकुलात तो पार पडला. खोल्या, दिवाणखाने, विमानतळ, आतिथ्य हे गोव्याकडे आहेच. याउलट लुसोफोनिया आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या निमित्ताने ताळगाव, नावेली, पेडे, कांपाल येथे उभ्या राहिलेल्या वा नूतनीकरण झालेल्या क्रीडागारांची देखभाल दर वर्षीच्या अर्थसंकल्पातून करावी लागते. तिथे संध्याकाळी सरावाला येणाऱ्या मुलाला प्रशिक्षक मिळतो की नाही, हे स्पर्धेच्या खर्चाच्या पत्रकात कुठेच दिसत नाही. २०२३ मध्ये गोव्याने ९२ पदके मिळवली. ती मिळवणाऱ्या खेळाडूंपैकी किती जण त्या संकुलांत आजही सराव करतात, याची यादी क्रीडा खात्याने प्रसिद्ध केली, तर पुढच्या कुठल्याही यजमानपदाचा अर्ज भरण्याआधी आपल्याला बरेच काही कळेल.

अहमदाबादच्या बाबतीत पाहायचे ते हेच. प्रत्येक वास्तूचा खर्च, ती पूर्ण होण्याची तारीख आणि स्पर्धेनंतर ती कोणाच्या ताब्यात जाणार, या तीन गोष्टींचा तक्ता २०२७ संपण्यापूर्वी लोकांसमोर येतो का? दिल्लीत तो वेळेत आला असता, तर सप्टेंबर २०१० मध्ये पूल बांधण्याचे काम शिल्लकच उरले नसते.