चाचा कोण ठरवणार?

शाळेचा प्रकल्प म्हटला की थर्माकोलचा ज्वालामुखी आणि दुकानातले तयार तक्ते डोळ्यांपुढे येतात. आता मात्र आठवी-नववीची मुले संगणकावर स्वतः खेळ तयार करू लागली आहेत. आमच्या मंगळवार पेठेतल्या काही मुला-मुलींनी प्रकल्पासाठी समुद्री चाच्यांचा खेळ घेतला आणि माहितीसाठी आमच्याकडे आली. आम्ही पडलो कारकून. संगणकाचे ज्ञान बेताचे. तरी एक प्रश्न विचारला : तुमच्या खेळात चोर कोण?

एका डोळ्यावर पट्टी आणि खांद्यावर पोपट, असे उत्तर आले. हा चाचा सिनेमातला, कॅरिबियन समुद्रातला. सिड मायर यांचा १९८७ सालचा ‘पायरेट्स’ हा गाजलेला खेळही त्याच समुद्रावरचा. पण कोल्हापूरकरांना एवढ्या लांब जायला नको. मालवणचा सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. तिथल्या दर्यावर्दींना इंग्रज आपल्या कागदोपत्री चाचे म्हणत. १७६५ मध्ये त्यांनी हा किल्ला जिंकला, पुढे पैसे घेऊन परत केला आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे आपल्याकडे घेतले.

कान्होजी आंग्रे यांचेही तेच. ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. दस्तक न घेता जाणारी गलबते ते पकडत. पोर्तुगीजही ‘कार्ताझ’ नावाचा परवाना मागत आणि तो नसेल तर जहाज जप्त करीत. काम सारखेच, पण इंग्रजांच्या दप्तरात आंग्रे चाचे ठरले. आज मुंबईत नौदलाच्या तळाचे नाव आय.एन.एस. आंग्रे आहे! अर्थात, आपले ते सगळे साधुसंत होते असेही मुलांना सांगू नये. दर्यावर लूट झाली, माणसे मेली. मुलांनी दोन्ही बाजू तपासाव्यात.

हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आपल्या कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज हजेरी द्यावी लागे. ती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली. शिक्का मारणाऱ्याच्या हाती दप्तर असते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसून जाणले आहे.

म्हणून आम्ही मुलांना सुचवले की, खेळाचे नियमच शिकवू देत. समजा, गलबतावर ६०० रुपयांचा तांदूळ आहे आणि जकात शेकडा ५. तर ३० रुपये घ्या आणि दस्तक द्या. हिशेब चुकला की ओहोटी लागेल, गलबत अडकेल. दस्तक असलेले जहाज लुटले तर पत कमी होईल आणि व्यापारी तुमच्या बंदराकडे फिरकणार नाहीत. शेवटी खेळणाऱ्याला एकाच लढाईच्या दोन नोंदी दिसतील, एक इंग्रजांची, एक मालवणची. खरे काय, ते त्याने पुराव्यानिशी निवडावे.

घरी संगणक नाही म्हणून अडू नये. आधी पुठ्ठ्यावर नकाशा काढावा, फासे घ्यावेत आणि चार जणांनी खेळून नियम पक्के करावेत. मग शाळेच्या संगणकावर ‘स्क्रॅच’ वापरावे. अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेने २००७ मध्ये आणलेले हे साधन फुकट आहे. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात.

पालकांना एकच विनंती. गटातल्या मुलींना नुसती चित्रे रंगवायला बसवू नका. आज्ञा जोडण्याचे कामही त्यांच्या हाती द्या. आणि मूल खेळ दाखवायला आले की ‘मार्क किती पडले?’ याआधी ‘चोर कोणाला ठरवलेस, आणि कशावरून?’ असे विचारा.