तुमचा पगार किती?

"बॉस खडूस आहे, पगार वाढवत नाही, काय करू?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. कधी हिंजवडीहून, कधी नाशिकहून, कधी इथूनच, लिमरिकमधून. विचारणाऱ्याला माझ्याकडून एखादा मंत्र हवा असतो. बॉससमोर बसल्यावर नेमकं कोणतं वाक्य टाकलं की तो विरघळेल, आधी कामाबद्दल बोलावं की महागाईबद्दल, राजीनाम्याची धमकी द्यावी की नको... असं सगळं.

मी उलटा प्रश्न विचारतो. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला किती मिळतात?

मग शांतता. "अरे, ते कसं विचारणार? बरं दिसत नाही."

मंडळी, आजचा लेख या 'बरं दिसत नाही'च्या विरोधात आहे. खडूस बॉस तुमचं जेवढं नुकसान करतो, त्याहून जास्त नुकसान हे तीन शब्द करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. पगार लपवण्यात सभ्यपणा वगैरे काही नाही. ती बॉसची फुकटची चाकरी आहे.

जरा विचार करा. वाटाघाटीच्या खोलीत दोन माणसं बसलेली असतात. बॉसला तुमचा पगार माहीत असतो, तुमच्या टीममधल्या सगळ्यांचा माहीत असतो, तुमच्या हुद्द्याला कंपनीने ठरवलेली किमान आणि कमाल रक्कम माहीत असते, यंदा वाढीसाठी एकूण किती पैसे आलेत तेही माहीत असतं. तुम्हाला फक्त तुमचा आकडा माहीत असतो. मार्केट यार्डात आंब्याची पेटी घेताना आपण चार गाळे फिरल्याशिवाय खिशात हात घालत नाही. आणि स्वतःच्या आयुष्यातली वर्षं विकताना मात्र एकाच गाळ्यावर जातो, तो सांगेल तो भाव घेतो आणि वर थँक्यू म्हणतो!

आता इथल्या बॉसबद्दल दोन शब्द. आपल्याकडचा बॉस डाफरतो, निदान कळतं तरी. आयरिश बॉस गोड असतो. तो तुम्हाला चहा विचारेल, पावसाबद्दल बोलेल (लिमरिकमध्ये तो विषय कधी संपत नाही), पोरांची चौकशी करेल आणि पगाराचं नाव काढलंत की म्हणेल, "लीव्ह इट विथ मी." नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, झालं काम. या वाक्याचं अचूक मराठी भाषांतर म्हणजे "बघू". आणि आपल्याकडचं "बघू" ज्याने ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको. तेव्हा गोड काय नि खडूस काय, दोघांची ताकद एकाच ठिकाणी आहे. आकडे त्यांच्याकडे आहेत, आपल्याकडे नाहीत.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, म्हणून एक उदाहरण देतो. २०२४ साल. महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावातली मुलगी, चांगली इंजिनिअर, चार वर्षांचा अनुभव, तिला इथल्या एका कंपनीची ऑफर आली. आयर्लंडमध्ये युरोपबाहेरच्या माणसाला कामासाठी सरकारी परवाना लागतो. त्यातल्या 'क्रिटिकल स्किल्स' परवान्यासाठी, सरकारी यादीतला व्यवसाय आणि पदवी असेल तर, वर्षाला किमान ३८,००० युरो पगार हवा, असा नियम त्या वर्षाच्या जानेवारीपासून झाला होता. पोरीने हुशारी केली. सही करण्याआधी तिने इथल्या सात मराठी माणसांना विचारलं, की या कामाला इथे साधारण किती मिळतात? एकानेही आकडा सांगितला नाही. "डिपेंड्स", "चांगली ऑफर आहे, घेऊन टाक", "आधी ये तर खरं, मग बघू". तिने घेतली. आकडा काय होता ओळखा. बरोब्बर ३८,०००. कायद्याने घातलेला तळ कंपनीने छत म्हणून वापरला. तिच्यासारखंच काम करणाऱ्याला त्याच टीममध्ये ५१,००० मिळतात हे तिला दीड वर्षाने कळलं. दीड वर्षात झालेला हा सगळा फरक कुठल्या खडूस बॉसने तिच्या हातातून हिसकावून घेतला नव्हता. तो त्या सात जणांच्या 'बरं दिसत नाही'मध्ये गेला.

"पण आपल्या संस्कृतीत पगार विचारत नाहीत," असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. कोणाची संस्कृती? आपल्या वडिलांच्या पिढीला विचारा. बँकेत, एलआयसीत, एसटीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणाचं बेसिक किती, महागाई भत्ता किती, पुढचं इन्क्रिमेंट कधी, हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असायचं. चौथा वेतन आयोग १९८६ पासून लागू झाला आणि सातवा २०१६ पासून. त्यांचे तक्ते लोक चहाच्या टपरीवर पेन्सिल घेऊन सोडवत. त्यामुळे काही नाती तुटली नाहीत की कोणी असभ्य ठरलं नाही. आणि लग्नाच्या बायोडाटात आपण पगार छापतोच की, तोही जरा फुगवून! म्हणजे अनोळखी सोयऱ्याला सांगायला चालतं, पण रोज ज्याच्याबरोबर डबा खातो त्याला सांगायला लाज वाटते. ही लाज आपल्या घरातली नाही. ती ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आलेली आहे आणि आपण तिला संस्कार समजून बसलोय.

कंपन्या तरी आपापसात गप्प बसतात का? २०१० मध्ये अमेरिकन सरकारने ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी वगैरे कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा, की एकमेकांचे इंजिनिअर पळवायचे नाहीत असं यांनी आतल्या आत ठरवून ठेवलं होतं. मागणीच नाही म्हटल्यावर भाव वाढणार कुठून? पुढे इंजिनिअरांनी स्वतः दावा लावला आणि २०१५ मध्ये या चार कंपन्यांनी ४१.५ कोटी डॉलरवर तो मिटवला. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत मालकांना एकमेकांशी बोलायला लाज वाटली नाही. लाजायचं कोणी? आपण!

आणि गप्प राहण्याची किंमत किती असते ते बघायचं असेल तर लिली लेडबेटर या बाईंची गोष्ट आठवा. अमेरिकेत अलाबामा राज्यात गुडइयर टायरच्या कारखान्यात १९७९ पासून जवळजवळ वीस वर्षं सुपरवायझर. निवृत्तीच्या सुमाराला कोणीतरी निनावी चिठ्ठीवर त्यांचा आणि सोबतच्या पुरुषांचा पगार लिहून ठेवला. त्यांना महिना ३,७२७ डॉलर, आणि त्याच कामाच्या पुरुषांत ज्याला सर्वात कमी त्याला ४,२८६. त्या कोर्टात गेल्या, तर २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की तक्रार करायला उशीर झाला. जे माहीतच नव्हतं त्याची तक्रार वेळेत कशी करणार, हे त्या पाच जणांनाच माहीत. शेवटी २००९ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला. बाईंना स्वतःला त्यातून एक पैसा मिळाला नाही. सगळा खेळ एका चिठ्ठीचा, आणि ती चिठ्ठी वीस वर्षं उशिरा आली.

आता खरी भीती. "मी परवान्यावर आहे, जास्त बोललो तर परत जावं लागेल." ही भीती खोटी नाही, मी तिची टिंगल करणार नाही. परवाना एका मालकाशी बांधलेला असतो आणि हे बॉसला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पण नियम तरी वाचा ना! २ सप्टेंबर २०२४ पासून इथला नवा कायदा लागू झाला, त्यात पहिल्या मालकाकडे नऊ महिने झाले की त्याच प्रकारच्या कामासाठी मालक बदलायचा अर्ज करता येतो. पूर्वी नवीन परवान्यासाठी सगळी वरात पुन्हा काढावी लागायची. मी भेटतो त्या दहातल्या सात जणांना हे माहीत नसतं. का? कारण आपण परवान्याबद्दलही बोलत नाही.

गंमत म्हणजे हे गाव परवान्यावरूनच एकदा पेटलेलं आहे. एप्रिल १९१९ मध्ये इंग्रजांनी लिमरिकला लष्करी वेढा घातला आणि शहरात ये-जा करायला परवाना सक्तीचा केला. ज्यांची घरं एकीकडे आणि कारखाने दुसरीकडे, त्यांना रोज कामाला जाता-येता पुलावर सोजिराला कागद दाखवणं आलं. १४ एप्रिलला इथल्या कामगार संघटनांनी संप पुकारला. सुमारे चौदा हजार माणसं घरी बसली. संप समितीने धान्याचे भाव ठरवले, दुकानं कधी उघडायची ते ठरवलं, इतकंच काय, एक, पाच आणि दहा शिलिंगाच्या स्वतःच्या नोटा छापल्या. इतिहासात हे 'लिमरिक सोव्हिएट' म्हणून ओळखलं जातं. दोन आठवड्यांत संप मिटला, पण एकटा सुतार किंवा एकटी गिरणी कामगार पुलावर हुज्जत घालून जे करू शकली नसती ते त्यांनी मिळून केलं. आपल्या मुंबईतही नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. त्या माणसांनी सह्या दिल्या, नोटा छापल्या. आपल्याला फक्त एक आकडा तोंडाने सांगायचाय!

राहिला उपकाराचा मुद्दा. "कंपनीने मला इथे आणलं, आता पैसे कसे मागू?" यांना मी गावाबाहेर रहीनला घेऊन जातो. डेलचा प्रचंड कारखाना तिथे होता. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की उत्पादन पोलंडमध्ये लॉज शहरात हलवणार. लिमरिकमधले १,९०० जण गेले. त्यात मन लावून काम करणारे नव्हते का? होते. पण तिकडे मजुरी स्वस्त होती, हिशोब संपला. त्याच इमारतीत आता रिजेनेरॉन ही कंपनी औषधं बनवते. मी डेलला शिव्या देत नाहीये. धंदा आहे, धंद्यासारखा केला. माझं म्हणणं इतकंच, की समोरचा हिशोब करतो तेव्हा आपण भावनेने बोलू नये.

मग करायचं काय? माझ्या आधीच्या एका कंपनीत (नाव कशाला) मॅनेजरने दोन वर्षं "बजेट गोठलंय" हे ऐकवलं. एक आयरिश सहकारी नोकरी सोडून चालला होता. शेवटच्या दिवशी त्याने आपणहून सांगितलं, की त्याला माझ्यापेक्षा सहा हजार जास्त आहेत. मी एक पानभर मेल लिहिली. वर्षभरात काय काम केलं ते, एजन्सीज दरवर्षी फुकट छापतात त्या पगार-मार्गदर्शिकेतला माझ्या कामाचा आकडा, मला हवा असलेला आकडा, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं ते. मॅनेजरने बोलावून पहिला प्रश्न विचारला, "तुला कोणी सांगितलं?" आकडा चूक आहे असं तो एकदाही म्हणाला नाही! पाच आठवड्यांनी चार हजार वाढले, शिवाय कंपनीचा पेन्शनचा वाटा दोन टक्क्यांनी वाढवून घेतला. (इथे ४४,००० युरोच्या वर एकट्या माणसाला चाळीस टक्के आयकर, वर आणखी दोन कर. वाढीतला साधारण निम्मा भागच हातात येतो. म्हणून पेन्शनही मागा, आणि देशातल्या काकांनो, कृपया आमच्या पगाराला शंभराने गुणू नका.)

या मेलमध्ये एकही चमकदार वाक्य नव्हतं. एक आकडा होता, इतकंच.

युरोपने हे आता कायद्यात घातलंय. २०२३ च्या निर्देशानुसार नोकरी देणाऱ्याने पगाराची रेंज आधी सांगायची, उमेदवाराला "आधी किती मिळत होते" हे विचारायचं नाही, आणि समान वेतनाचा हक्क मागण्यासाठी स्वतःचा पगार उघड करायला कामगाराला अडवायचं नाही. सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत दिली. भारतात असा कायदा नाही. पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचा पगार दहा वर्षांहून जास्त काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळला, आणि दरवर्षी हजारो पोरांनी तो निमूट घेतला, कारण प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच कमी मिळतंय, उगाच शोभा कशाला.

"मत्सर वाढेल" म्हणता? वाढू दे थोडा. तो मत्सर बॉसच्या केबिनपर्यंत नेला की त्याची मागणी होते. ज्याला जास्त मिळतात त्याने घाबरायचं कारण नाही. त्याचं कोणी कमी करत नाही, उलट पुढच्या वेळी त्याला विचारायला सोबत मिळते. करारात बंदी असेल तर आधी तो नीट वाचा, आणि निदान जुन्या कंपनीतल्या, दुसऱ्या कंपनीतल्या मित्रांना तरी सांगा.

सुरुवात मीच करतो. पंधरा वर्षांचा अनुभव, एम्बेडेड सॉफ्टवेअर, लिमरिक, वर्षाला ७८,००० युरो. लिहिताना आभाळ कोसळलं नाही. इथे यायचा विचार करणारं कोणी हे वाचत असेल, तर त्याने किंवा तिने हा आकडा खुशाल वापरावा.

आता तुमचा सांगा. मला नको, शेजारच्या टेबलावर.