आपोआप नावाचा कारकून

हल्ली प्रत्येक कचेरीत एक नवा कारकून रुजू झाला आहे. त्याचे नाव आपोआप. त्याला खुर्ची लागत नाही, चहा लागत नाही, दिवाळीत तो उचल मागत नाही. सगळे घरी गेले की रात्री तो व्याज लावतो, याद्या जुळवतो, जुन्या नोंदी झाडून काढतो. खिडकीवर तुम्ही काहीही विचारा, उत्तर ठरलेले : "ते सिस्टीममधून आपोआप होतं!" माझे भांडण या गरीब कारकुनाशी नाही. त्याच्या जिवावर घोरणाऱ्यांशी आहे.

आमच्या वाशिम जिल्ह्यात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला पंतप्रधानांनी पीएम-किसानचा १८वा हप्ता सोडला. देशभरातले सुमारे ९.४ कोटी शेतकरी, रक्कम सुमारे २०,००० कोटी. कळ एका क्षणात दाबून होते हो; पण खात्यात २,००० रुपये पडायला जमिनीची नोंद, आधार, बँकखाते आणि ई-केवायसी या चौघांचे एकमेकांशी पटावे लागते. लग्नात इतकी पत्रिका कुणी पाहत नाही! अशी जुळवाजुळव जिथे जिथे रात्रीच्या कामावर सोपवलेली असते, तिथे एका रात्री ते काम अडले की सकाळी खिडकीवर धोतराच्या सोग्याने घाम पुसत कुणीतरी विचारतो, "काहून नाही आले जी?"

गावचा कोतवाल आठवा. तो दवंडी द्यायला आला नाही तर पोरासोरांनाही कळायचे. आपोआपरावांची दवंडीच नसते. ते आले तरी शांतता, नाही आले तरी शांतता.

माझा एक भाचा पुण्याला डेटाबेस सांभाळतो. त्याला विचारले, तर म्हणाला, "मामा, सगळं लिहिलेलं असतं. बघत कोणी नाही." ओरॅकलची जुनी जॉब-पद्धत घ्या. काम फसले तर ते एका मिनिटाने पुन्हा प्रयत्न करते, मग दोन मिनिटांनी, मग चार. ओळीने सोळा वेळा फसले की त्यावर 'मोडले' असा शिक्का बसतो आणि पुन्हा कोणी हात लावेपर्यंत ते चालत नाही. सोळा हाका! आमच्याकडे मेलेला माणूससुद्धा दहाव्या हाकेला 'ओ' देईल. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत तर वेळापत्रक चालवणारा मुळातच बंद असायचा. कामे लिहून ठेवा खुशाल, तो चालू केल्याशिवाय एकही हलणार नाही. पोस्टग्रेसच्या पीजी-क्रॉनचे घड्याळ, आपण सांगितले नाही तर, ग्रीनिचचे. रात्री दोनला म्हणून लावलेले काम वाशिमात सकाळी साडेसातला उठते, अगदी आमच्यासारखे!

आणि सगळ्यांत लबाड शब्द म्हणजे 'यशस्वी'. वरून रिकामी यादी आली, कामाने शून्य ओळी इमानेइतबारे पुढे नेल्या, की वहीत शेरा : यशस्वी. म्हणजे पोस्टमन रिकामी पिशवी घेऊन गावभर हिंडला आणि टपाल वाटल्याची सही करून मोकळा झाला.

तुम्ही म्हणाल, मग काय, पुन्हा खतावण्या लिहायच्या? मुळीच नाही. माणूस तरी कुठे चुकत नव्हता? पण चुकणाऱ्या माणसावर हेडक्लार्क होता. माझे म्हणणे एवढेच, की आपोआपरावांनाही हेडक्लार्क द्या. ठरलेल्या प्रत्येक कामापुढे एका जिवंत माणसाचे नाव असू द्या. आणि त्याची बदली झाली, की चार्ज देताना किल्ल्यांबरोबर ही यादीही द्या. रोज सकाळी पहिल्या चहाआधी त्याने ती उघडावी : काल काय चालले, काय फसले, किती ओळी हलल्या, पुढची वेळ कोणती. पाच मिनिटांचे काम. आणि यादीत 'मोडले' दिसले तर खिडकीवरच्या माणसाला "आपोआप होईल" असे सांगू नये.

कारण भाच्याने आणखी एक गोष्ट दाखवली. ओरॅकलमध्ये जुन्या पद्धतीचे काम मोडले म्हणून बाजूला टाकले, की त्याच्या 'पुढची तारीख' या रकान्यात दिसते १ जानेवारी ४०००. कोर्टानेसुद्धा अजून इतकी लांबची तारीख दिलेली नाही!