मुंगसाच्या शेपटीला हंस

परवा नातवाच्या इंग्रजीच्या वहीवर सही करण्याचा मान मला मिळाला. मान कसला, त्याचे आईवडील कचेरीतून यायचे होते आणि आजोबा दिवसभर रिकामे असतात हे घरात सर्वांना ठाऊक आहे. वहीत एकवचनांची अनेकवचने केली होती. दहापैकी नऊ बरोबर. दहाव्या ठिकाणी चिरंजीवांनी 'मॉंगूस' या शब्दाला शेवटी एक 'एस' लावून सरळ 'मॉंगूसेस' लिहिले होते. बाईंनी ते लाल शाईने आडवे कापून वर ठळक अक्षरांत दुरुस्ती केली होती: 'मॉंगीस'.

"हे काय?" मी विचारले.

"गूसचं गीस होतं ना आजोबा, तसं मॉंगूसचं मॉंगीस. आणि मॉंगूस म्हणायचं नाही, मॉंगूज म्हणायचं. मी मॉंगूस वाचलं तर सगळा वर्ग हसला."

अनेकवचनाचा एक मार्क गेला त्याचे मला काही नाही. मी स्वतः मॅट्रिकला इंग्रजीत जेमतेम काठावर पास झालेला माणूस. पण वर्ग हसला, हे मात्र लागले. कारण त्या वर्गात तो शब्द बरोबर उच्चारणारा एकटा आमचा नातू होता, आणि तो बरोबर उच्चारत होता तो घरी मराठी बोलतो म्हणून! इंग्रज लोक शेवटी स्वच्छ 'स' म्हणतात. 'ज' हा आपल्याकडच्या विद्वानांनी इंग्रजी अधिक इंग्रजी दिसावी म्हणून स्वखर्चाने बसवलेला आहे.

अहो, तो शब्द आपला आहे! मुंगूस! लहानपणी परसात ते दिसले की आम्ही रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला सांगत असू. तोंड दिसले की दिवस चांगला जायचा. ऑक्सफर्डच्या कोशात हा शब्द मराठीतून आल्याची नोंद आहे. जॉन फ्रायर नावाचा कंपनी सरकारचा एक डॉक्टर १६७३ साली इकडे आला. मुंबई, सुरत, जुन्नर असा पुष्कळ हिंडला. पुढे १६९८ साली लंडनला त्याचे प्रवासाचे पुस्तक निघाले, त्यात हा प्राणी आहे. फेरेट नावाच्या विलायती प्राण्याचा हा नातलग, असे तो सांगतो. म्हणजे बघा, रायगडावर राज्याभिषेक झाला त्या सुमारास हा गोरा डॉक्टर आपल्या मुलखात हिंडून मुंगूस बघत होता. त्या काळी त्याला 'मॉंगूज' म्हणायला शिकवणारे कोणी भेटले नाही हे इंग्रजी भाषेचे नशीब.

आता प्रामाणिकपणे एक कबूल केले पाहिजे. १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन या नामांकित कोशाने या शब्दाचे श्रेय तेलुगूला दिले आहे. तेलुगूत मुंगिस आहे, कानडीत मुंगुसी आहे, आणि शब्दाचे मूळ द्राविडी असावे असेच जाणकारांचे मत दिसते. असेना! शेजाऱ्याकडून विरजण आणले म्हणून दही आपले होत नाही की काय? शिवाय गंमत अशी की संस्कृतातला 'नकुल' एवढा मोठ्या घराण्यातला, साक्षात पांडवांचे नाव, पंचतंत्रातल्या गोष्टीत पाळण्यातल्या बाळाला वाचवून बिचारा हकनाक मेलेला. पण तो इंग्रजीत गेला नाही. हिंदीतला नेवला गेला नाही, बंगालीतली बेजी गेली नाही. १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे बोटीत घालून जमैकाला नेली, उसाच्या मळ्यातले उंदीर खायला. चांगली बंगालची मुंगसे, पण तिकडे उतरली ती आपलेच नाव घेऊन. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगसाहेबाने १८९४ सालच्या 'जंगल बुक'मध्ये जे मुंगूस जगप्रसिद्ध केले ते राहते बिहारातल्या सिगौलीच्या छावणीत. तिथला माणूस त्याला नेवलाच म्हणणार. किपलिंग मॉंगूस म्हणतो.

मग हा 'गूस' आला कुठून? तर स्पेलिंगातून. इंग्रज माणसाला परका शब्द ऐकला की त्यात आपल्या ओळखीचे काहीतरी दिसू लागते. आपण नाही का लॅंटर्नचा कंदील सोडून लालटेन केला? फ्रायरनंतरच्या साहेबांनी हा शब्द 'यू'ने लिहून पाहिला, 'ओ'ने लिहून पाहिला, आणि अखेर शेपटीकडचे ते 'गूस' त्यांच्या बदकवजा पक्ष्यासारखे वाटले म्हणून तेच कायम केले. स्पेलिंग शेजारी शेजारी ठेवले तर वाटावे, हा हंसाचाच कोणी चुलतभाऊ.

हंस मी उगाच म्हणत नाही. आमच्या शेजारी एक शास्त्रीबुवा राहतात. सगळी इंग्रजी भाषा संस्कृतातून निघाली असे त्यांचे मत आहे, आणि ते सकाळी दूध आणायला जाताना सांगतात. नव्वद टक्के वेळा ते चूक असतात. पण त्या दिवशी त्यांना हा प्रकार सांगितला तर म्हणाले, "अहो, गूस म्हणजे आपला हंसच!" मी हसलो. मग कोश काढून पाहिला तर खरेच! संस्कृतात हंस, जर्मनमध्ये गान्स, आणि इंग्रजांच्या तोंडी मधला 'न' गळाला म्हणून गूस. सगळे एका मुळाचे. म्हणजे या इंग्रजांनी काय केले, तर आपल्या मुंगसाच्या शेपटीला आपलाच हंस बांधला. आणि आमच्या नातवाच्या बाई आता त्या हंसाला पिले काढायला लावताहेत.

गूसचे गीस होते, टूथचे टीथ होते, फुटचे फीट होते, हे खरे. पण ते जुन्या घराण्यातले शब्द. त्यांच्या अनेकवचनाच्या प्रत्ययात कोणे एके काळी एक 'इ' होती. ती 'इ' गेली, पण जाता जाता मधला स्वर बिघडवून गेली. हे त्या घराण्यातले आनुवंशिक दुखणे आहे. मुंगूस हा त्या घरात उशिरा आलेला घरजावई. त्याला सासऱ्याच्या आजोबांची संधिवाताची खोड कशी लागेल? आपल्याकडेही मुंगूस–मुंगसे होते. 'गू'चा 'ग' होतो, 'गी' होत नाही. मूसचे तरी मीस कुठे करतात? ते अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले सांबर. त्याचे अनेकवचनही मूसच. त्याला सवलत आणि मुंगसाला नाही?

एवढी तयारी करून मी शाळेत गेलो. बाई तरुण होत्या, नम्र होत्या, आणि तयारीतही माझ्याहून कमी नव्हत्या. त्यांनी फोनवर वेबस्टरचा अमेरिकी कोश काढून माझ्यापुढे धरला. "काका, यात मॉंगीस दिलंय."

दिले होते. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"पण बाई, पहिलं काय दिलंय?"

"मॉंगूसेस."

"मग पहिलं लाल शाईनं कापायचं आणि नंतरचं हिरवळीवर बसवायचं, हा कुठला न्याय?"

बाई विचारात पडल्या. म्हणाल्या, "वर्गात एकच उत्तर सांगावं लागतं. नाहीतर मुलं गोंधळतात."

"मग खरं ते सांगा. आणि जमलं तर हा शब्द मराठीतून गेलाय हेही सांगा. चाळीस मुलांपैकी तीसजणांच्या घरी मुंगूस म्हणत असतील. त्यांना कळू द्या की ती घरी इंग्रजी बोलतात."

या शेवटच्या वाक्यावर बाई मनापासून हसल्या. हे वाक्य मी रिक्षात पाठ केले होते, ते वाया गेले नाही याचा मला आनंद झाला. मार्क मात्र वाढवता येणार नाही, म्हणाल्या, कारण बेरीज संगणकात गेली आहे.

घरी आल्यावर नातवाला सगळा वृत्तांत दिला. फ्रायर, जमैका, हंस, घरजावई, काही सोडले नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले. पोर हुशार आहे.

"आजोबा," तो म्हणाला, "परीक्षेत आलं तर मी एकच मुंगूस लिहीन."